वर निखारे, खाली निखारे

पदार्थ बंद भांड्यात चहूंबाजूंनी धग देऊन भाजणे ही आपल्या स्वयंपाकघरातील कला नव्हे, अशी पुष्कळांची समजूत असते. शिजविणे, उकडणे, तळणे, परतणे आणि तव्यावर शेकणे एवढ्यात आपला स्वयंपाक आटोपतो. भट्टीचे काम पाववाल्याचे, असे आपण गृहीत धरून चालतो. ‘पाव’ हा शब्दही पोर्तुगीज भाषेतून आपल्याकडे आला, त्यामुळे ही समजूत अधिकच पक्की झाली आहे. घरी केक करावयाचा म्हटले की पहिला प्रश्न येतो तो ओव्हनचा. आणि ओव्हन नाही म्हटले की बेत तेथेच थांबतो.

वस्तुस्थिती मात्र निराळी आहे. विदर्भात रोडगे गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजतात. रायगड जिल्ह्यात थंडीच्या दिवसांत वालाच्या शेंगा भांबुर्ड्याच्या पाल्यासह मडक्यात भरून, मडके पालथे घालून, भोवती जाळ करून ‘पोपटी’ लावतात. या झाल्या उघड्या रानातल्या किंवा अंगणातल्या कृती. परंतु घराच्या आत, रोजच्याच चुलीवर, कोणतीही भट्टी न बांधता गोड, सुवासिक, तपकिरी कडांचा जाड वडीसारखा पदार्थ भाजून काढण्याची रीत कोकणात आणि गोव्यात फार दिवसांपासून चालत आलेली आहे. कोकणात या पदार्थाला ‘धोंडस’ म्हणतात. गोव्यात ‘तवसोळी’ म्हणतात. दोहोंचा आत्मा एकच: पिकलेल्या मोठ्या काकडीचा कीस, तांदळाचा रवा, गूळ, ओले खोबरे, वेलची–जायफळ आणि वरखाली विस्तव.

काकडी, तांदूळ आणि गूळ

धोंडसासाठी लागणारी काकडी म्हणजे कोशिंबिरीची कोवळी काकडी नव्हे. पावसाळ्यात कोकणच्या परसात व डोंगरउतारावरील मळ्यांत वेलावर मोठी होणारी, जून झाल्यावर पिवळसर पडणारी जाड सालीची काकडी, म्हणजे ‘तवसे’, ही त्यासाठी वापरतात. हे फळ टिकाऊ असते. चांगली जून तवशी दोरीने किंवा केळीच्या सोपटाने बांधून घराच्या आढ्याला टांगून ठेवण्याची पद्धत आहे. अशी टांगलेली तवशी पावसाळा संपून गेल्यावरही कित्येक दिवस उपयोगी पडतात. बाजार लांब आणि पाऊस दाराशी, अशा घरात गोडाधोडाची ही तजवीज आढ्यालाच लटकत असे.

तांदूळ शेतातला, नारळ परसातला, काजू टेकडीवरचा. विकत घ्यावयाचा तो गूळ आणि चिमूटभर वेलची. अंडी नाहीत, लोणी नाही, खमीर नाही. काकडी किसली की तिला सुटणारे पाणी हेच पीठ भिजविण्याचे पाणी. त्यात तांदळाचा भरड रवा फुगतो, गूळ विरघळतो, आणि हे सारे थोडे शिजवून टोपात थापले की भाजण्याचे काम सुरू होते. टोपाच्या तळाशी हळदीचे किंवा केळीचे पान घालतात. टोप चुलीतील मंद निखाऱ्यांवर ठेवून वर सपाट झाकण घालतात आणि त्या झाकणावरही निखारे पसरतात. नारळाच्या करवंट्यांचे निखारे या कामाला विशेष चांगले, कारण ते धूर न करता बराच वेळ धगधगत राहतात. तासाभराने झाकण काढावे, तो वरच्या बाजूस बदामी रंग आलेला आणि घरभर गुळाचा, हळदीच्या पानाचा वास पसरलेला.

वेल्समधील ठिपकेदार पाव

ब्रिटनच्या पश्चिम अंगाला वेल्स हा डोंगराळ, पावसाळी प्रदेश आहे. तेथील ‘बारा ब्रिथ’ नावाचा पाव धोंडसाचा दूरचा भाऊ शोभावा असा आहे. यातील ‘बारा’ हा आकडा नव्हे. वेल्श भाषेत ‘बारा’ म्हणजे पाव आणि ‘ब्रिथ’ म्हणजे ठिपकेदार. मनुका, बेदाणे आणि मसाला घातलेला हा गोड पाव कापला की तपकिरी कापावर काळे ठिपके दिसतात. त्यावरून हे नाव पडले.

त्याचा जन्मही काटकसरीतलाच आहे. खेड्यापाड्यांतील वेल्श घरांत पाव घरीच भाजत. पाव भाजण्याच्या दिवशी उरलेल्या कणकेच्या शेवटच्या गोळ्यात थोडी साखर, मूठभर मनुका आणि मसाला मळून तो भट्टीच्या उतरत्या धगीवर ठेवीत. जी धग अन्यथा वाया जावयाची, तिच्यावर मुलाबाळांचा गोड खाऊ तयार होई. ज्यांच्या घरी विटांची भट्टी नसे, ते लोखंडी भांड्यात पाव भाजीत आणि भांड्याच्या झाकणावर निखारे किंवा पेटलेले पीट रचीत. काही ठिकाणी चुलीवरच्या सपाट लोखंडी पत्र्यावर पावाचा गोळा ठेवून त्यावर एक भांडे पालथे घालीत आणि त्या भांड्यावर विस्तव ठेवीत. अशा पावाला त्यांच्या भाषेत ‘भांड्याखालचा पाव’ असेच नाव आहे. हजारो कोस दूर, एकमेकींचे नावही ठाऊक नसलेल्या दोन प्रदेशांतील गृहिणींनी एकाच अडचणीवर एकच तोड काढली, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

पुढे इंग्लंडमध्ये १८४३ साली आल्फ्रेड बर्ड या औषधविक्रेत्याने बेकिंग पावडर तयार केली. तिचा प्रसार झाल्यावर खमिराशिवाय पाव फुगविणे सोपे झाले. आज वेल्समधील पुष्कळ घरांत बारा ब्रिथ अशा तऱ्हेनेच होतो: मनुका–बेदाणे कडक कोऱ्या चहात रात्रभर भिजत घालावयाचे, आणि सकाळी त्यात पीठ, मसाला व एक अंडे मिसळून भाजावयाचे. पिठात तूप–लोणी घालीत नाहीत. पाव कापल्यावर मात्र कापाला लोणी लावून चहाबरोबर खातात. आपल्याकडेही धोंडसाची वडी लोण्याबरोबर किंवा पातळ तुपाबरोबर खाण्याची चाल आहे. दोन्ही पदार्थांत ओलावा येतो तो फळातून. वेल्समध्ये सुके फळ चहा पिऊन फुगते. कोकणात तांदळाचा रवा काकडीचा रस पिऊन फुगतो.

वरची धग कशासाठी?

हाच पदार्थ मोदकपात्रात वाफवला तर काय बिघडले, असा प्रश्न कोणी विचारील. बिघडत काहीच नाही. फक्त तो धोंडस राहत नाही. फणसाच्या रसातील ‘सांदणे’ वाफवूनच करतात आणि ती उत्तम लागतात. परंतु वाफेची उष्णता १०० अंश सेल्सिअसच्या आसपासच राहते. तेवढ्या उष्णतेत तांदळाचे पिठूळ सत्त्व चांगले शिजते, पण पदार्थाला खरपूस रंग व चव येत नाही. हा तपकिरी रंग आणि भाजल्याचा खमंग वास येण्यासाठी पदार्थाचा पृष्ठभाग कोरडा होऊन त्याची उष्णता साधारण १४० अंशांच्या पुढे जावी लागते. मग पदार्थातील साखर आणि प्रथिने यांचा परस्परांवर परिणाम होऊन शेकडो नवे सुवासिक घटक निर्माण होतात. लुई कामिय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली या क्रियेचे वर्णन केले, म्हणून तिला त्याचे नाव मिळाले आहे. कोकणातील आजीला मायार ठाऊक नव्हता; पण झाकणावरचे निखारे केव्हा वाढवावयाचे आणि केव्हा झाडून टाकावयाचे हे तिला पक्के ठाऊक होते.

झाकणावरच्या निखाऱ्यांचे आणखी एक काम आहे, आणि ते अनेकांच्या ध्यानात येत नाही. भांडे केवळ खालून तापविले तर आत सुटणारी वाफ थंड झाकणाला लागून तिचे पाणी होते आणि ते थेंब पुन्हा पदार्थावर ठिबकतात. वरचा थर चिकट व ओला राहतो आणि खालचा करपतो. झाकणच तापलेले असले म्हणजे थेंब धरत नाहीत. वाफ फटीतून निघून जाते आणि वरचा थर कोरडा होऊ लागतो. म्हणून वरचे निखारे हा केवळ रंग आणण्याचा उपाय नव्हे. त्यांच्यावाचून भाजण्याची क्रियाच पुरी होत नाही.

चूल गेली, पुढे काय?

लाकूडफाट्याची चूल आता घराघरांतून जात आहे, आणि ती गेली याचे दुःख मानण्याचे कारण नाही. चुलीच्या धुराने स्त्रियांच्या व लहान मुलांच्या फुप्फुसांना आणि डोळ्यांना होणारा अपाय वैद्यकशास्त्राने निःसंशय सिद्ध केला आहे. १ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री उज्ज्वला योजनेने गरीब कुटुंबांतील स्त्रियांच्या नावे गॅसची जोडणी देण्यास आरंभ केला. त्यापूर्वीच शहरांतून व मोठ्या गावांतून गॅसची शेगडी रूढ झाली होती. जी बाई वर्षानुवर्षे फुंकणीने विस्तव फुंकून डोळे चोळीत बसली, तिला धोंडसाच्या चवीसाठी पुन्हा चुलीशी बसा असे सांगणे अन्यायाचे होईल.

परंतु चुलीबरोबर निखारे गेले, आणि निखाऱ्यांबरोबर वरची धगही गेली. गॅसची ज्योत फक्त खालून तापविते. त्यामुळे जुन्याच प्रमाणाने, जुन्याच टोपात केलेला धोंडस तळाशी लागतो व वर गिचका राहतो. मग ‘ती चव आता येत नाही’ असे म्हणून घरचे लोक तो करणेच सोडून देतात. असे एकदोन वेळा झाले की पुढच्या पिढीला पदार्थाचे नाव तेवढे ठाऊक राहते. वास्तविक दोष काकडीचा नसतो, गुळाचा नसतो आणि करणाऱ्या हाताचाही नसतो. हरवलेली असते ती फक्त वरची धग. आणि ती गॅसवर परत आणता येते.

त्यासाठी दोन लोखंडी तवे पुरेत. एक तवा शेगडीवर मंद आचेवर ठेवून त्यावर जाड बुडाचे पातेले ठेवावे. त्यामुळे ज्योत पातेल्याला थेट लागत नाही. पातेल्यावर सपाट धातूचे झाकण उलटे घालावे. दुसरा तवा शेजारच्या शेगडीवर चांगला तापवून या झाकणावर ठेवावा. दर सात–आठ मिनिटांनी तो उचलून पुन्हा तापवून आणावा. झाकणाला लाकडाची किंवा प्लास्टिकची मूठ नसावी, काचेचे झाकण मुळीच घेऊ नये, आणि तापलेला तवा उचलताना जाड फडके दोन्ही हातांत असावे. लहान मुले त्या वेळी ओट्यापासून दूर ठेवावी.

जुन्या जाड पातेल्याच्या तळाशी बोटभर कोरडी, स्वच्छ वाळू पसरून, त्यावर तिवई ठेवून आत दुसरे भांडे ठेवण्याची रीतही पुष्कळांना ठाऊक असेल. वाळूमुळे धग सारखी पसरते. ही रीत कुकरमध्ये करावयाची असल्यास शिटी आणि रबरी कडे काढून ठेवलेच पाहिजे; शिवाय कोरडा कुकर तापविण्याबद्दल कुकरच्या पुस्तिकेत काय सूचना आहे ती आधी पाहावी. ज्यांच्याकडे विजेचा ओव्हन आहे त्यांचे काम सोपे आहे. मात्र एक गोष्ट कोणीही करू नये: दारे–खिडक्या लावून घेतलेल्या खोलीत कोळशाची शेगडी पेटवू नये. कोळशाच्या धगीतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळत नाही आणि तो प्राणघातक ठरतो. निखाऱ्यांवरच भाजावयाचे असेल तर ते अंगणात भाजावे.

धोंडसाची कृती

साहित्य: तांदळाचा भरड रवा २ वाट्या, तवशाचा कीस, सुटलेल्या रसासह, ४ वाट्या, चिरलेला गूळ दीड वाटी, ओले खोबरे १ वाटी, काजूचे तुकडे पाव वाटी, साजूक तूप ३ मोठे चमचे, वेलचीची पूड १ लहान चमचा, किसलेले जायफळ पाव लहान चमचा, मीठ पाव लहान चमचा, हळदीची किंवा केळीची पाने.

रवा घरी करावयाचा असल्यास तांदूळ धुऊन, सावलीत सुकवून, जाडसर दळावे आणि पीठ चाळून काढून टाकावे. बाजारात मिळणारा इडलीचा रवाही चालतो.

तवशाची दोन्ही टोके कापून गराचा एक तुकडा आधी चाखून पाहावा. काकडी कडू असेल तर ती सरळ टाकून द्यावी. गूळ घालून कडवटपणा झाकण्याचा प्रयत्न करू नये. अशी कडू फळे पोटाला अपाय करतात. चांगल्या तवशाची साल व बिया काढून गर किसावा आणि सुटलेला रस राखून ठेवावा.

कढईत दोन चमचे तुपावर रवा मंद आचेवर परतावा. रंग बदलू देऊ नये. वास सुटला की उतरावा. दुसऱ्या पातेल्यात कीस, रस, गूळ व मीठ एकत्र करून उकळी आणावी. गूळ विरघळला की खोबरे घालावे आणि एका हाताने ढवळीत दुसऱ्या हाताने रवा वैरावा. गुठळी होऊ देऊ नये. मिश्रण शिऱ्यासारखे घट्ट होऊन कडा सोडू लागले की आच बंद करावी. वेलची, जायफळ व काजू मिसळून झाकण घालावे आणि वीस मिनिटे तसेच राहू द्यावे. या विसाव्यात रवा पोटभर रस पितो; ही वीस मिनिटे वाचविणाऱ्याचा धोंडस कणीदार व कोरडा होतो. मिश्रण फारच घट्ट वाटल्यास पाव वाटी नारळाचे दूध घालावे.

पातेल्याला आतून तूप लावून तळाशी पान बसवावे. मिश्रण दोन बोटे जाडीचे थापून वरून उरलेले तूप पसरावे व चमच्याने पृष्ठभाग सारखा करावा. नंतर वर सांगितल्याप्रमाणे दोन तव्यांमध्ये पाऊण ते एक तास भाजावे. ओव्हनमध्ये १८० अंशांवर साधारण तेवढाच वेळ लागतो.

घड्याळापेक्षा चिन्हांवर विश्वास ठेवावा. पहिले चिन्ह म्हणजे वास: आरंभी काकडीचा ओला वास येतो, नंतर गुळाचा, आणि शेवटी भाजलेल्या खोबऱ्याचा. दुसरे चिन्ह कडांचे: धोंडस पातेल्याच्या कडेपासून सुटू लागतो. तिसरे सुरीचे: मध्यभागी खुपसलेली सुरी जवळजवळ कोरडी निघते. भाजून झाल्यावर मात्र घाई करू नये. गरम धोंडस कापला तर तो मोडतो. तो पुरता निवल्यावर, शक्य तर दुसऱ्या दिवशी, वड्या पाडाव्या. त्या दिवसापेक्षा दुसऱ्या दिवशी त्याची चव अधिक मुरलेली असते. पावसाळ्यात तो बाहेर दोन दिवसांपेक्षा अधिक ठेवू नये. फ्रिजमध्ये चार–पाच दिवस चांगला राहतो.

गूळ घातला म्हणून पदार्थ औषधी झाला असे मात्र समजू नये. गुळात साखरेखेरीज थोडी खनिजद्रव्ये असतात, तरी मधुमेही माणसाला तो साखरेसारखाच जपून खाल्ला पाहिजे. त्यांच्यासाठी गुळाचे प्रमाण एक वाटीपर्यंत उतरविले तरी पदार्थ बिघडत नाही.

आपल्या स्वयंपाकघरातील बारा ब्रिथ

ज्या घरी कोकणातील तवसे पोचत नाही, तेथेही वरखाली धगीची ही रीत उपयोगी पडते. सांगली–तासगावचे बेदाणे आता देशभर मिळतात. तेव्हा वेल्सचा ठिपकेदार पाव आपल्या घरी करून पाहण्यास काहीच अडचण नाही.

रात्री ३०० ग्रॅम बेदाणे व काळ्या मनुका स्वच्छ धुऊन घ्याव्या. ३०० मिलिलिटर कडक कोरा चहा गाळून त्यात १५० ग्रॅम गूळ विरघळवावा आणि तो गरम असतानाच फळांवर ओतून झाकून ठेवावा. सकाळी फळांनी बहुतेक चहा शोषून घेतलेला दिसेल. उरलेला चहा फेकू नये. तोही पिठातच जावयाचा आहे. १२५ ग्रॅम कणीक, १२५ ग्रॅम मैदा, अडीच लहान चमचे बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ, एक लहान चमचा दालचिनीची पूड, अर्धा चमचा सुंठ, थोडे जायफळ व दोन लवंगांची पूड असे सारे दोनदा चाळून घ्यावे. भिजलेल्या फळांत एक फेटलेले अंडे मिसळावे. अंडे चालत नसल्यास अर्धी वाटी ताजे दही घ्यावे. मग त्यात चाळलेले पीठ घालून हलक्या हाताने कालवावे. फार घोटू नये. घोटल्याने गव्हातील चिकट अंश जागा होतो आणि पाव चिवट होतो.

तूप लावलेल्या, कागद बसविलेल्या लांबट भांड्यात मिश्रण ओतून १६० ते १७० अंशांवर सुमारे सव्वा तास भाजावे. दोन तव्यांच्या रीतीने भाजावयाचे असल्यास मिश्रण दोन लहान भांड्यांत विभागावे, म्हणजे मध्यभाग कच्चा राहत नाही. आच मंदच असावी. निवल्यावर पाव कागदात गुंडाळून डब्यात ठेवावा आणि एक दिवसाने पातळ काप करून लोण्याबरोबर खावा.

दूर गेलेल्या घरांसाठी

१८६५ साली वेल्समधून काही कुटुंबे ‘मिमोसा’ नावाच्या जहाजाने दक्षिण अमेरिकेतील पाटागोनिया या ओसाड प्रदेशात जाऊन राहिली. आज त्या भागातील चहाघरांत वेल्श वंशाचा सुक्या फळांचा जो काळसर केक मिळतो, तो बारा ब्रिथहून बराच निराळा आहे. नव्या भूमीत जे मिळाले त्याशी जुळवून घेत तो तेथलाच झाला. आणि तरीही त्याच्या नावात ‘वेल्श’ हा शब्द टिकून आहे.

मराठी माणसाचेही असेच आहे. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकात तंजावरास भोसल्यांचे राज्य स्थापिले. ते १८५५ पर्यंत टिकले. त्या निमित्ताने कावेरीच्या खोऱ्यात गेलेली मराठी कुटुंबे तेथेच नांदली. दुसरे सरफोजीराजे यांच्या नावाचा ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ हा मराठी पाकग्रंथ तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात आहे. राजवाड्याच्या मुदपाकखान्यातील कृती लिहून ठेवल्या गेल्या, म्हणून आज त्या वाचता येतात. सामान्य घरातील कृती मात्र हातातून हातात गेल्या, आणि जेथे हात सुटला तेथे त्या संपल्या.

कुंभकोणम किंवा त्याच्या जवळचे तिरुप्पनंदाळ यांसारख्या गावी राहणाऱ्या मराठी कुटुंबाला धोंडस करावयाचा झाल्यास काय अडेल? काहीच नाही. कावेरीचे खोरे तांदळाचे कोठार. इडलीचा रवा कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो. केळीचे पान दारातले. तमिळमध्ये ‘वेळ्ळरिक्काय’ म्हणतात ती जून, मोठी काकडी तवशाची जागा घेऊ शकते. तिरुप्पनंदाळ या नावातच ‘पनै’ म्हणजे ताडाचे झाड आहे आणि तेथील शिवमंदिराचा स्थलवृक्षही ताडच. तमिळनाडूत मिळणारा काळपट ताडगूळ उसाच्या गुळाऐवजी वापरला तर धोंडसाला रंग अधिक गडद येतो आणि चव किंचित धुरकट लागते. हा गूळ पाण्यात विरघळवून गाळूनच घ्यावा, कारण त्यात बारीक खर असण्याचा संभव असतो. तो धोंडस मालवणच्या धोंडसासारखा दिसणार नाही. पण धोंडसच असेल.

बेळगाव, इंदूर, बडोदे येथील गृहिणींना जून काकडी न मिळाल्यास लाल भोपळ्याचा कीस घेता येईल. भोपळ्याला काकडीइतके पाणी सुटत नाही, म्हणून एक वाटी दूध किंवा नारळाचे दूध जास्त लागेल. तांदळाच्या रव्याऐवजी गव्हाचा रवा घेतला तरी चालते; मात्र मग पदार्थ अधिक मऊ होतो व लवकर भाजला जातो.

यंदा ज्या घरात धोंडस होईल, त्या घरात एक लहानसे काम जरूर करावे. घरातील वडील माणसाला शेजारी बसवून, मुलांपैकी एकाने वही घ्यावी आणि आपल्याच वाटीचे माप, आपल्याच शेगडीची वेळ आणि ‘झाले’ असे ओळखण्याच्या साऱ्या खुणा लिहून ठेवाव्या. मुलगी लिहील तर उत्तमच, मुलगा लिहील तरी तितकेच उत्तम. किती आच, किती वेळ, वास कसा बदलला, कडा केव्हा सुटल्या, वरचा तवा किती वेळा तापविला, हे त्या वहीत असले म्हणजे पुढच्या वेळी तवसे हाती येताच कोणाला विचारण्यासाठी थांबावे लागणार नाही.